दारापुढं धरलेला सूर

राजदीप वाजवायला बसला की एक गाणं कुठं संपलं आणि दुसरं कुठून सुरू झालं, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. बोरी अरबच्या आसपासच्या गावांत त्याची ओळख एवढीच होती. दुसऱ्यांचे डीजे मोठे होते. त्यांच्याकडं फिरत्या लाइटा होत्या, धूर सोडायची मशीन होती. राजदीपकडं गुलाबसिंगचा भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो, त्यावर दोरखंडानं आवळलेल्या बेस आणि टॉपच्या पेट्या, मागं धडधडणारा जनरेटर, एक लॅपटॉप आणि पुण्याहून आणलेला, एक बटण तुटलेला कंट्रोलर. तरी लोक त्याच्याकडं यायचे. जयंतीला यायचे, हळदीला यायचे, वरातीला तर हमखास.

"दुसऱ्याच्या डीजेवर गाणं बदललं का पाय हवेतच राह्यते," गाडीवाला गुलाबसिंग गिऱ्हाइकांना सांगायचा. "अन् याच्या डीजेवर नाचता नाचता मानूस घरी जाते, त्याले पत्ता लागत नाही."

हे कसब त्याला दोन ठिकाणांहून मिळालं होतं, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांना अजिबात ओळखत नव्हती.

पहिलं ठिकाण म्हणजे त्याचे वडील, डोमाजी. बौद्ध वस्तीतल्या बँड पार्टीत ते क्लॅरनेट वाजवत. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या. कापसाला भाव असायचा त्या वर्षांत बँडला उसंत नसे, एका दिवसात तीन तीन गावं होत. मग डीजे आला. कोट आधी खुंटीवर गेले, मग ट्रंकेत, आणि ढोलवाल्यानं ढोल विकून शेळी घेतली. डोमाजींनी क्लॅरनेट विकलं नाही. पण वाजवलंही नाही. समोरचे वरचे दात पडले तेव्हा ते म्हणाले होते, बरं झालं, आता कोणी म्हणायला नको की वाजवा.

दुसरं ठिकाण म्हणजे पुणे. राजदीप तिथं एका साउंडवाल्याकडं पेट्या उचलायला होता. हॉटेलांत, लॉन्सवर पेट्या लावायच्या, कार्यक्रम संपेपर्यंत भिंतीशी बसायचं, पेट्या काढायच्या. भिंतीशी बसून बसून त्यानं हाऊस नावाचं संगीत ऐकलं. त्यात फारसे शब्द नसत. कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनसारखा न थकता चालणारा एकसारखा ठोका, आणि त्यावर सावकाश चढत जाणारे सूर. ते वाजवणारी डीजे, प्रेरणा नावाची मुलगी, नागपूरची निघाली. बोलीवरून बोली ओळखली, आणि तिनं याला एकदा रिकाम्या लॉनवर कंट्रोलरपुढं बसवलं. यानं दोन गाणी जोडली. ठोक्याला ठोका अगदी बरोबर बसवला आणि मोठ्या अपेक्षेनं तिच्याकडं पाहिलं.

"ठोका जुळला," ती म्हणाली, "पण सूर भांडून राह्यले ना बे."

मग तिनं कागदावर घड्याळ काढलं. बारा आकड्यांचं. जगातलं कुठलंही गाणं घे, म्हणाली, ते या बारातल्या एका आकड्यावर बसतं. शेजारच्या आकड्यावरचं गाणं त्याला जोडलं तर भांडण नाही. समोरासमोरचे आकडे जोडले तर कान फाटतात. आणि घड्याळाला दोन वर्तुळं असतात, एक आतलं, एक बाहेरचं. आतल्या आकड्यावरची गाणी जरा उदास, बाहेरची उजळ. पण तोच आकडा असला तर आतून बाहेर जाता येतं. सूर तेच राहतात, फक्त उजेड बदलतो.

राजदीपनं त्या रात्री गावी फोन लावून वडिलांना हे सगळं सांगितलं. डोमाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तर आम्ही सा आणि पंचम म्हणतो. यासाठी पुण्याले जाची काय गरज होती?

डोमाजींना दम लागायला लागला तसा राजदीप परत आला. ते साल कपाशीच्या वाईट सालांतलं होतं. अळीनं बोंडं आतून पोखरली होती आणि फवारणीच्या विषानं माणसं. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. माणूस पाठीवर पंप घेऊन दोन ओळींमधल्या तासात शिरायचा तो दिसेनासा व्हायचा, आणि औषध वरून त्याच्याच तोंडावर यायचं. विजयमालाचा नवरा असाच एका सकाळी शिरला. सांजेला त्याला समोरचं दिसेना. यवतमाळला नेला. परत आणला तो चादरीत.

या गावात एक रीत होती. मरण झालेल्या घरापुढून वरात वाजत जात नाही. पोलीस पाटील सदाशिवराव वरातीच्या पुढं असत. ते हात वर करत, डीजे बंद होई, वरात मुकाट्यानं सरके, दार मागं पडलं की हात खाली येई आणि ठोका पुन्हा सुरू. हे किती दिवस? त्यालाही रीत होती. त्या घरात पहिलं शुभकार्य होईपर्यंत. बारसं, साखरपुडा, काहीही चाले. घरानं स्वतःच्या दारात वाजवलं की गाव त्याच्यापुढं वाजवायला मोकळं. पूर्वी यात काही अडत नसे. घरं भरलेली असत, वर्षाच्या आत कुणाचा ना कुणाचा पाळणा हले. पण विजयमालाच्या घरात आता दोनच माणसं उरली होती, ती आणि तिची मुलगी नयन. म्हणजे शुभकार्य व्हायचं तर नयनचं लग्नच. आणि तिला पाहायला पाहुणे येत ते नेमके लग्नसराईत. चहाचा कप हातात असताना रस्त्यावरून वरात येई, दारापुढं आली की एकदम गप होई, आणि पाहुणा विचारी, काय झालं? कुणीतरी सांगे. पाहुणा कप खाली ठेवी. नंतर निरोप येत नसे.

लग्न झाल्याशिवाय दारापुढं वाजणार नाही, आणि दारापुढं वाजत नाही म्हणून लग्न जमत नाही. गावात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळे रीत पाळत होते.

अशा दोन-तीन लग्नसराया गेल्या, आणि एका उन्हाळ्यात सदाशिवरावांच्या मुलाचं लग्न निघालं. वरात राजदीपकडं आली. आणि लग्नाच्या आठवड्यात विजयमाला बौद्ध वस्तीत त्याच्या ओट्यावर येऊन बसली. भर दुपार होती. तो फाटलेल्या स्पीकरला गोंद लावत होता. तिनं पाणी घेतलं, डोमाजींच्या दम्याची चौकशी केली, ऊन किती आहे ते बोलून झालं. मग म्हणाली,

"सदाशिवभाऊजीच्या पोराची वरात तूच वाजवून राह्यला नं?"

"हौ काकू."

"माह्या दारापुढं बंद नोको करू."

राजदीपचं बोट गोंदात तसंच राहिलं.

"काकू, हे माह्या हातातलं नाही. पाटलाईले विचारा."

"मी विचारू? घरवाला गेला, अन् बाई म्हणते वाजवा. लोक म्हणतीन, इले नाचाची हौस आली."

"अन् मी वाजवलं तं मले काय म्हणतीन?"

काय म्हणतील ते दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या दुःखावर या वस्तीतल्या पोरानं ढोल बडवला, असं एक म्हणेल, मग दुसरा म्हणेल, आणि मग ते राजदीपपुरतं राहणार नाही. वस्तीवर येईल.

"तुले खरं सांगू?" ती पदरानं मान पुसत म्हणाली. "बंद झाल्यावर जे ऐकू येते नं, ते लय वाईट हाये. साऱ्या वरातीच्या चपला ऐकू येते. कोणी खोकलत बी नाही. नयन मोरीत भांडे घासत असन तं हात थांबवते. मयत गेल्यासारखं वाटते बापा. मयत तं एकदाच गेली होती. हे दर लग्नाले जाते."

ती उठली. जाताना म्हणाली की होत नसेल तर राहू दे, मी आलते हे कुणाला सांगू नको.

आतल्या खोलीत बाजेवर पडलेले डोमाजी हे सगळं ऐकत होते. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते थांबले आणि मग आतूनच बोलले.

"बंद करा म्हणून कोणी सांगतलं?"

"रीत हाये नं बाबा."

"कोणाची रीत? आम्ही कधी बंद नाही केलं."

राजदीप आत गेला. डोमाजी उठून बसले होते. धाप लागत होती तरी बोलत होते, थांबून थांबून. ढोल थांबायचा, म्हणाले. ताशा थांबायचा. क्लॅरनेट थांबायचं नाही. दुःखाचं दार आलं की मी एक सा धरायचो. एकच. वर नाही, खाली नाही. दार मागं पडेपर्यंत तोच. मागचे दोघं ट्रंपेटवाले मला श्वास घेता यावा म्हणून तेवढ्यापुरता तो सूर उचलून धरायचे, म्हणजे खंड नाही पडायचा.

"मंग हे बंद कुठून आलं?"

"तुमच्या डब्ब्यानं आणलं. गावात पह्यला डीजे आला, तवा त्या पोट्ट्याले दोनच गोष्टी येत होत्या. चालू, अन् बंद. दारापुढं त्यानं बटन दाबलं. लोकाईले वाटलं, असंच असते."

राजदीपला हसूही येईना आणि रागही. "तुम्ही सांगतलं काहून नाही?"

"मले कोणी विचारलं? अन् सांगतलं असतं तं म्हनले असते, डीजे आला म्हनून बँडवाल्याचं पोट दुखून राह्यलं." डोमाजींनी भिंतीला टेकून दम घेतला. "ढोल सुखाचा असते. तो दुःखाच्या दारी नोको, हे बरोबर. पन सूर तोडला तं त्या घराले वाटते, आपल्याले गावातून काढलं."

पाटलांना आधी विचारावं का, यावर बापलेकांची थोडी वादावादी झाली. राजदीप म्हणत होता विचारू. डोमाजी म्हणाले, विचारलं की त्यांना नाही म्हणावंच लागेल. पोलीस पाटील माणूस, हो म्हणून मोकळा होईल कसा? त्याला कानानं ऐकू दे.

मग ट्रंक उघडली. कोटाच्या खाली, जुन्या धोतरात गुंडाळलेलं क्लॅरनेट निघालं. फुंकायच्या टोकाची पत्ती सुकून वाकडी झाली होती, ती डोमाजींनी बराच वेळ जिभेवर भिजवली. पण वरचे दात नाहीत तर तोंडाची पकड बसेना. हवा बाजूनं निघून जायची आणि क्लॅरनेटातून नुसता फुस्स आवाज यायचा. दोनदा तसं झाल्यावर डोमाजींनी मान वळवली. राजदीप माइक धरून बसून राहिला. बऱ्याच वेळानं डोमाजींनी फडक्याची घडी करून वरच्या हिरडीखाली धरली, डोळे मिटले, आणि सूर आला. जाड, थोडा खरखरीत, पण सरळ. माणूस एक ओळ म्हणेल तेवढाच टिकला. मग खोकला.

तेवढा पुरे होता. राजदीपनं लॅपटॉपवर त्याचा मधला स्वच्छ तुकडा कापला, शेपूट तोंडाला जोडलं, म्हणजे तो गोल फिरत राहील आणि श्वास लागणार नाही. एका ठिकाणी मागं कोंबडी ओरडली होती, ती काढली. मग जोड कुठं ऐकू येतो का, ते सांज होईपर्यंत ऐकत बसला.

सुराची पट्टी हार्मोनियमवरच्या काळी पाचची होती. पण जुनं लाकूड, सुकी पत्ती, त्यामुळं सूर केसभर उतरलेला. डोमाजी म्हणाले, मले चढव थोडं त्या मशिनीत.

"नाही बाबा," राजदीप म्हणाला. "गाणे उतरवतो."

आणि त्यानं वरातीची सगळी गाणी वडिलांच्या सुराइतकी केसभर खाली आणली.

प्रेरणाच्या घड्याळात तो सूर तीनच्या आकड्यावर बसत होता. म्हणजे विजयमालाच्या दारापुढं येताना तीन वाजलेले पाहिजेत. राजदीपनं त्या दारापासून उलटं मोजत गाणी लावली. दाराच्या आधी दोनवरचं, त्याच्या आधी एकवरचं, देवळापासून निघताना बारावरचं. प्रत्येक गाण्याखाली हाऊसचा तोच ठोका, म्हणजे पायांना बदल जाणवू नये आणि सूर शेजारून शेजारी सरकत सरकत आपोआप तिथं पोचावा. दाराच्या पुढचं गाणंही त्यानं काढून ठेवलं. तेही तीनवरचंच, पण बाहेरच्या वर्तुळातलं.

वरात उन्हं कलताना देवळापासून निघाली. डोमाजी हट्टानं आले होते आणि गाडीत गुलाबसिंगच्या शेजारी बसले होते. पुढं सदाशिवराव, भगवा फेटा बांधलेले. मग नाचणारी पोरं, मग गाडी, मागं घोड्यावर नवरदेव आणि त्याच्या मागं बाया. बारावरचं गाणं गेलं, एकवरचं गेलं. गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. राजदीपच्या कानाला हेडफोन आणि डोळे रस्त्यावर. वाण्याचं दुकान गेलं, शाळेची भिंत आली.

शाळेच्या भिंतीपाशी नवरदेवाचा मामेभाऊ गाडीवर चढला. वर्ध्याचा होता, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्याला एक गाणं पाहिजे होतं.

"पुढं लावतो दादा, दोन मिनिटं."

"पुढं कायले? माह्या भावाची वरात हाये. आता लाव."

राजदीपनं नाही म्हणून पाहिलं, हसून पाहिलं. मामेभावानं खाली पोरांकडं पाहून हात हलवला आणि पोरं त्या गाण्याच्या नावानं ओरडायला लागली. सदाशिवरावांनी मागं वळून पाहिलं आणि मानेनं खूण केली, लाव.

राजदीपनं गाणं शोधलं आणि त्याचा आकडा पाहिला. गाणं नऊवर होतं. तीनच्या बरोबर समोर. नऊपासून तीनपर्यंत शेजारून शेजारी जायचं तर सहा गाणी लागतील आणि रस्ता उरला होता एका गाण्याचा. वडिलांचा सूर या गाण्यावर सोडला तर तो आक्रोशासारखा ऐकू येईल. आणि मग बंद करणंच बरं वाटेल सगळ्यांना.

त्यानं गाणं लावलं. पोरं उसळली. तो हेडफोन दाबून आकडे फिरवत राहिला. मग त्याला डोमाजींच्या बँडची एक सवय आठवली. वरात रेंगाळली, पोरं थकली की ते चालत्या गाण्याची पट्टी अर्धा स्वर चढवत, म्हणजे गाण्यात पुन्हा जीव येई. राजदीपनं मनात मोजलं. नऊवरचं गाणं अर्धा स्वर चढवलं तर घड्याळात ते शेजारी जात नाही, उडी मारतं. उडी मारून पोचतं चारवर. आणि चारचा शेजारी तीन.

त्यानं ध्रुवपद संपायची वाट पाहिली, ठोका एका मात्रेपुरता काढला आणि परत टाकताना पट्टी अर्धा स्वर वर सरकवली. मामेभाऊ खाली उडी मारून नाचायला लागला. त्याला वाटलं आपल्यासाठी केलं.

विजयमालाचं दार दिसायला लागलं. निळा रंग, अर्धं लोटलेलं. सदाशिवरावांचा हात वर गेला.

राजदीपनं बेस काढला. मग ढोल. मग गायकाचा आवाज. आणि खालून वडिलांचा सूर वर आणला.

पोरं नाचायची थांबली आणि नेहमीप्रमाणं गप उभी राहणार होती, पण गप झालंच नाही. चारही पेट्यांतून एक जाडसर सा येत होता. वर जात नव्हता, खाली जात नव्हता. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मशीन बिघडली, असं कुणीतरी म्हणालं. सदाशिवरावांचा हात तसाच वर होता. ते वळले आणि हात वर ठेवूनच गाडीपाशी आले.

"राजदीप, बंद कर."

"ढोल बंद हाये पाटील."

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

गाडीचं दार उघडलं. डोमाजी खाली उतरले नाहीत, नुसतं दाराला धरून बाहेर वाकले.

"तो मी हाये पाटील."

सदाशिवराव त्यांच्याकडं बघत राहिले. मग पेट्यांकडं. मग पुन्हा त्यांच्याकडं.

"डोमा," ते सावकाश म्हणाले, "माह्या वरातीत तूच होता नं?"

"होतो. तुमच्या चुलत्याचं घर लागलं रस्त्यात. ताजं मरण होतं. तुम्ही घोड्यावर होते."

"अन् तू धरलता."

"धरलता."

सदाशिवरावांचा हात खाली आला. म्हणजे चालू कर, अशी खूण नव्हती ती. हात नुसता खाली आला, माणूस दमल्यावर येतो तसा. ते पुढं निघाले आणि वरात त्यांच्या मागं निघाली, चालत. नाचायचं नव्हतं आणि मयतीसारखं सरकायचंही नव्हतं, म्हणून लोकांना पावलं कशी टाकावी ते कळेना. काही जण सुराकडं कान देऊन चालत होते.

निळं दार पूर्ण उघडलं आणि विजयमाला पायरीवर येऊन उभी राहिली. वरात जाताना ती कधी दारात येत नसे. लोकांना अवघड होऊ नये म्हणून आतच राहायची. ती आज पायरी उतरून रस्त्यात आली, सदाशिवरावांच्या पुढं.

"भाऊजी," ती म्हणाली. "आता ढोल येऊ द्या. अथीच. माह्या दारात."

वरात थांबली. सूर थांबला नाही.

"विजया, रीत हाये," सदाशिवराव म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता. "घरात शुभकार्य झाल्याबिगर..."

"घरात येत नाही म्हणून तं दारात मागून राह्यली."

त्यांनी मान खाली घातली. फेट्याचं टोक सारखं केलं. घोड्यावरचा मुलगा बापाकडं बघत होता.

"तुले तरास होईन बापा."

"होईन नं. तो माह्या घरातला तरास राहीन. साऱ्या गावानं कायले सोसाचा?"

सदाशिवरावांनी वर पाहिलं. राजदीपची बोटं कंट्रोलरवर होती. पाटील हो म्हणतील असं त्यानं कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं. ढोल दारापुढं येईल असंही नाही. पाटलांनी त्याच्याकडं पाहून मान हलवली.

"हळू घे," ते म्हणाले.

त्यानं हळू घेतलं. बाहेरच्या वर्तुळातलं गाणं वडिलांच्या सुराखालून असं आणलं की आधी ते आल्याचं कुणाला कळलंच नाही. तोच सा होता, पण आता त्याच्याभोवती दुसरे सूर येऊन बसत होते आणि तो एकटा वाटत नव्हता. मग ठोका. बेसशिवाय, नुसता टिचकीसारखा. मग थोडा बेस. विजयमालाच्या दारावरची कडी त्या बेसनं वाजायला लागली. ती त्या कडीकडं बघत उभी होती. रडत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं होतं, ओझं उचलताना मिटतं तसं.

नाचलं कुणीच नाही. मामेभाऊसुद्धा नाही. लोक ठोक्यावर पावलं टाकत दारापुढून गेले. गाडी दारासमोर आली तेव्हा राजदीपला घराच्या मागच्या अंगाला नयन दिसली. मोरीत बसून ती भांडी घासत होती आणि तिचा हात चालूच होता.

पुढं वळणावर रुपीबाईचं घर होतं. तांड्यावरून येऊन गावात राहिलेली बाई. तिचा एकुलता एक मुलगा त्याच वर्षीच्या फाल्गुनात गेला होता. विजयमालाचं दार मागं पडलं तसे लोक थोडे मोकळे झाले होते, कुठंतरी शिट्टीही वाजली होती. मग वळण दिसलं आणि सगळे पुन्हा सदाशिवरावांच्या हाताकडं बघायला लागले. हात वर गेला नाही. सदाशिवराव खाली बघून चालत होते.

राजदीपनं स्वतःच बेस काढला, ठोका काढला. गाणं तीनवरच होतं, त्यामुळं वडिलांचा सूर आपल्या जागी होताच. बाकीचं गळून गेलं आणि तो उरला.

रुपीबाई दाराच्या आत, अंधारात बसली होती. वरात दिसताच ती उठायला लागली, दार लोटून घ्यायला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कुणीतरी पुढं आलं. विजयमाला होती. ती आपल्या दारात थांबली नव्हती, वरातीबरोबर चालत आली होती. अनवाणी. ती रुपीबाईच्या ओट्यावर चढली आणि उंबऱ्याशी बसली. ढोल नव्हता, म्हणून तिचं बोलणं गाडीपर्यंत ऐकू आलं.

"उठू नोको. बस. अथी माह्यापाशी बस, अन् ऐक."

रुपीबाई बसली नाही. दाराची फळी धरून उभी राहिली. पण तिनं दार लोटलं नाही.

राजदीपनं सूर धरून ठेवला. वळण गेलं, घर मागं पडलं, तरी ढोल सोडायला त्याची बोटं उचलेनात. मंगल कार्यालयाची कमान जवळ आली. पोरं मागं वळून त्याच्याकडं बघत होती, पण मागत कुणीच नव्हतं. त्यानं एकदा मागं पाहिलं. ओट्यावर आता दोघी शेजारी बसल्या होत्या आणि शेवटच्या बाया त्यांच्यापुढून चालत येत होत्या.